पो : चरित्राची दंतकथा आणि भीतीचे तंत्र

इंग्रजी कथेच्या अभ्यासक्रमात एडगर अ‍ॅलन पो आला की वर्गात एक ठरावीक टिपण उतरवून दिले जाते. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले, सांभाळणाऱ्याने पुढे वाऱ्यावर सोडले, दारूने शरीर पोखरले, तरुण पत्नी क्षयाने गेली आणि अखेर हा लेखक बाल्टिमोरमधल्या एका खानावळीत भ्रमिष्ट अवस्थेत सापडून चार दिवसांत मरण पावला. म्हणून त्याच्या कथांत मृत्यू, वेड, काळोख आणि जिवंतपणी पुरले जाणे आहे. या टिपणाचा सारा डोलारा ‘म्हणून’ या एका अव्ययावर उभा आहे. आम्ही स्वतः ते टिपण कित्येक वर्षे उतरवून दिले, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले आणि तेच टिपण जसेच्या तसे परत लिहिणाऱ्यांना भरघोस गुणही दिले.

त्या ‘म्हणून’ला पहिला धक्का एका विद्यार्थिनीने दिला. ‘लायजीया’ शिकवून झाली होती. पत्नीच्या क्षयाचा संदर्भ नेहमीप्रमाणे सांगून झाला होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ही कथा १८३८ची आणि त्याची बायको आजारी पडली १८४२ला. मग आधी कथा आणि नंतर दुःख, हे कसं?” आम्ही काहीतरी सारवासारव केली. तास संपल्याची घंटा त्या दिवशी फार उपकारक वाटली.

घरी येऊन आम्ही साली एकाखाली एक मांडून पाहिल्या. ‘बेरेनीस’ आणि ‘मोरेला’ १८३५च्या. ‘लायजीया’ १८३८ची. ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ १८३९ची. सुंदर स्त्रीचा मृत्यू, तिचे थडग्यातून परत येणे, तिच्या आठवणीने झपाटलेला पुरुष हे पोचे म्हणून ओळखले जाणारे सारे द्रव्य या चार कथांत आले आहे. व्हर्जिनिया क्लेमशी पोचे लग्न झाले १८३६ साली. ती तेरा वर्षांची होती, तो सत्तावीस वर्षांचा. गाता गाता तिच्या तोंडून रक्त आले ते जानेवारी १८४२मध्ये, आणि तिचा मृत्यू ३० जानेवारी १८४७चा. म्हणजे ज्या दुःखातून या कथा जन्मल्या असे आपण सांगतो, ते दुःख या कथा छापून झाल्यावर घरात शिरले.

यावर एक उत्तर तयार असते. पत्नी नसेल, पण आई होती. एलिझाबेथ पो ही रंगभूमीवरची नटी डिसेंबर १८११मध्ये रिचमंड येथे वारली, तेव्हा एडगर तीन वर्षांचाही नव्हता. त्याला सांभाळणाऱ्या फ्रान्सिस अ‍ॅलनचा मृत्यू १८२९चा, थोरल्या भावाचा १८३१चा. मारी बोनापार्त यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या मनोविश्लेषणात्मक ग्रंथात हाच धागा धरला आणि पोच्या मृत नायिकांत त्याची मृत आई पाहिली. त्या ग्रंथाला प्रस्तावना खुद्द फ्रॉइडची आहे. हे सारे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालपणी आई गमावलेली मुले घरोघरी होती. त्यांपैकी एकानेच ‘लायजीया’ लिहिली. जे कारण हजारांना लागू पडते ते एकाच्या कलाकृतीचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. ते फार तर तिची पार्श्वभूमी होते.

मग हे चरित्र आपल्या मनात इतके घट्ट बसले कसे? त्याचा इतिहास पोच्या एखाद्या कथेला शोभावा असा आहे. ७ ऑक्टोबर १८४९ रोजी पो वारला. दोन दिवसांनी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात ‘लुडविग’ या टोपणनावाने एक मृत्युलेख आला. या माणसाच्या जाण्याने फारसे कोणी हळहळणार नाही, असा त्याचा सूर होता. लेखक होता रूफस ग्रिसवोल्ड, संपादक आणि पोचा जुना स्पर्धक. रस्त्यातून स्वतःशी पुटपुटत हिंडणारा, जगाविषयी तुच्छता बाळगणारा पो त्याने रंगवला, आणि त्या चित्राचा मोठा भाग बुल्वर-लिटनच्या ‘द कॅक्स्टन्स’ या कादंबरीतील एका पात्रावरून उचलला. ज्याला आपण पोचे चरित्र म्हणतो त्याचा पहिला खर्डा अशा रीतीने दुसऱ्याच्या कादंबरीतून आला. पुढे याच ग्रिसवोल्डकडे पोच्या ग्रंथसंग्रहाचे संपादन गेले. १८५० साली त्याने त्या संग्रहाला जोडून जे चरित्र छापले, त्यात पोची म्हणून दिलेल्या पत्रांत पदरचा मजकूर घातला. आर्थर हॉबसन क्विन यांनी १९४१ साली मूळ पत्रे शेजारी ठेवून ही बनवाबनवी उघड केली. तोवर जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती, आणि दंतकथेला शंभर वर्षे मिळाली की ती पाठ्यपुस्तकात जाऊन बसते.

ग्रिसवोल्डला सारा दोष देऊनही चालणार नाही. पोने स्वतः आपल्या आयुष्याविषयी थापा मारल्या आहेत. ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील व्हायला आपण घरातून पळालो आणि सेंट पीटर्सबर्गला पोचलो, असे त्याने लिहून दिले होते. वास्तविक त्या काळात तो एडगर ए. पेरी या खोट्या नावाने अमेरिकन सैन्यात शिपाई होता. दारूविषयी मात्र शंका नाही. ती त्याला सोसत नव्हती आणि तिने त्याचे नुकसान केले. अफूचे व्यसन ही गोष्ट वेगळी आहे. त्याला ठोस आधार सापडत नाही, आणि पोचा हाडवैरी असलेल्या, स्वतः वैद्यकी शिकलेल्या टॉमस डन इंग्लिश यानेच आपल्याला तशी लक्षणे दिसली नाहीत असे नोंदवून ठेवले आहे. पोच्या कथांतले निवेदक अफू घेतात. निवेदकाची अफू लेखकाच्या नावावर चढवली गेली, इतकेच.

याचा अर्थ पोच्या आयुष्याचा त्याच्या कथेशी संबंध नाही असा आम्ही लावत नाही. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. मात्र तो आपण शोधतो त्या जागी, म्हणजे शय्यागृहात आणि स्मशानात, नाही. तो मासिकाच्या कचेरीत आहे.

पो हा व्यवसायाने मासिकवाला होता. १८३३ साली बाल्टिमोरच्या एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत ‘एमएस. फाउंड इन अ बॉटल’ या कथेला पन्नास डॉलरचे बक्षीस मिळाले आणि त्याची वाट ठरली. १८३५पासून रिचमंडचे ‘सदर्न लिटररी मेसेंजर’, मग फिलाडेल्फियातील ‘बर्टन्स’ आणि ‘ग्रॅहम्स’, नंतर न्यूयॉर्कमधील ‘ब्रॉडवे जर्नल’. मुद्रिते तपासणे, परीक्षणे लिहिणे, वर्गणीदार वाढवणे हा त्याचा दिनक्रम होता. ‘ग्रॅहम्स’मध्ये त्याला वर्षाला आठशे डॉलर मिळत. स्वतःच्या मालकीचे एक उत्तम मासिक काढावे हे त्याचे आयुष्यभराचे स्वप्न होते आणि ते पुरे झाले नाही.

त्याने कथाच का लिहिल्या, याचे उत्तरही बरेचसे याच जगात सापडते. परदेशी लेखकांच्या पुस्तकांना अमेरिकेत कायद्याचे संरक्षण मिळाले ते १८९१ साली. तोवर तिथले प्रकाशक इंग्लंडमधली ताजी कादंबरी एक पैसा न देता छापू शकत. डिकन्स फुकट मिळत असताना देशी लेखकाच्या पुस्तकासाठी पैसे कोण मोजणार? पोचा पहिला कथासंग्रह ‘टेल्स ऑफ द ग्रोटेस्क अँड अरबेस्क’ (१८४०) निघाला तेव्हा प्रकाशकाने त्याला मोबदला म्हणून काही प्रतीच दिल्या. लेखणीवर पोट भरायचे तर मासिकाखेरीज मार्ग नव्हता, आणि मासिकाची पाने मोजकी असतात. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण पोने १८४२ साली ‘ग्रॅहम्स’मध्ये लिहिले. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, लेखकाने आधी एकच परिणाम मनाशी निश्चित करावा आणि त्या परिणामाला हातभार न लावणारे एकही वाक्य लिहू नये, हा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त त्या परीक्षणात आला. कथेच्या पहिल्या वाक्यापासून ही बांधिलकी सुरू होते असे तो म्हणतो. आपण हा सिद्धान्त कलेचे शाश्वत सूत्र म्हणून शिकवतो. तो एका संपादकाचा रोजच्या कामातून आलेला अनुभव होता. गरिबी पोच्या कथेत आली ती विषय होऊन आली नाही. ती कथेची लांबी होऊन आली.

भयकथेला या लांबीने काय दिले? होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ १७६४ची, अ‍ॅन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ १७९४ची. या गॉथिक कादंबऱ्यांत भय खंडांमागून खंड चालते. पडका किल्ला, भुयार, फडफडणारा दिवा, पडद्यामागचे काहीतरी. आपल्या रसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा सगळा विभावांचा पसारा आहे. भय हा स्थायिभाव जागा करणारी बाह्य कारणे एकापुढे एक रचत जायची आणि वाचकाला त्यांतून फिरवून आणायचे. पोने हा पसारा आवळला. त्याच्याकडे किल्ल्यासाठी जागा नव्हती. आपल्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने एका आक्षेपाला उत्तर दिले आहे. ही भीती जर्मनीतून उसनी आणलेली नाही, ती माणसाच्या आत्म्यातली आहे, असा त्याचा आशय. विभाव कमीत कमी ठेवायचा आणि अनुभाव, म्हणजे भ्यालेल्या माणसाचे बोलणे, थांबणे, पुन्हा तेच तेच सांगणे, यांवरच कथा पेलायची, हे त्याचे खरे तंत्र आहे.

‘द टेल-टेल हार्ट’ (जानेवारी १८४३) हा त्याचा कळस. बोलणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही. म्हाताऱ्याशी नाते काय ते कळत नाही, आणि निवेदक पुरुष आहे की स्त्री हेही कथा कुठे स्पष्ट सांगत नाही. म्हाताऱ्याविषयी राग नव्हता, त्याच्या पैशाचा लोभ नव्हता. होता तो फक्त एक डोळा, गिधाडासारखा, फिकट निळा. कारण इतके क्षुल्लक आहे की ते कारणच नाही. उलट निवेदकाचे सारे बळ एकच गोष्ट पटवण्यात खर्च होते: मी वेडा नाही. पुरावा काय? मी किती सावकाश दार उघडले, कंदील किती जपून धरला, सात रात्री किती धीराने वाट पाहिली. शहाणपणाचा प्रत्येक पुरावा वेडाचा पुरावा होत जातो. वाचक कथेतल्या दोन माणसांच्या मध्ये कुठेही उभा नाही. तो बोलणाऱ्याच्या समोर बसला आहे आणि त्याला उठता येत नाही. भय खुनाचे नाही. एखादा माणूस इतके सुसंगत बोलू शकतो आणि तरीही असा असतो, याचे ते भय आहे.

हा निवेदक पोच्या स्वतःच्या वेडातून आला काय? १८४० साली फिलाडेल्फियात जेम्स वुड नावाच्या माणसावर स्वतःच्या मुलीच्या खुनाचा खटला चालला आणि वेडाच्या कारणावरून तो सुटला. पोने त्या खटल्यावर एका साप्ताहिकात लिहिले होते, आणि आरोपीच्या शांतपणाला शहाणपणाचा पुरावा कसे मानता येईल, हा प्रश्न त्याला भिडला होता. सेलम गावातल्या १८३०च्या एका गाजलेल्या खुनाच्या खटल्यात डॅनिएल वेबस्टरने केलेले भाषण, ज्यात पोटात न राहणाऱ्या गुपिताचे वर्णन होते, त्याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. कथेचे बीज वर्तमानपत्राच्या टेबलावर पडलेले होते. पोने त्या बीजाला आवाज दिला. त्यासाठी त्याला वेडे व्हावे लागले नाही. लक्षपूर्वक वाचावे लागले.

‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ (नोव्हेंबर १८४६) ही कथाही चरित्रवाद्यांना फार आवडते. त्याच वर्षी टॉमस डन इंग्लिशशी पोचे भांडण विकोपाला गेले होते आणि प्रकरण कोर्टात पोचले होते; तेव्हा भिंतीत चिणला गेलेला फोर्चुनाटो म्हणजे इंग्लिश आणि चिणणारा माँट्रेसॉर म्हणजे पो, असे समीकरण मांडले जाते. असेलही. पण हे समीकरण मान्य केले तरी कथेचा एकही प्रश्न सुटत नाही. माँट्रेसॉर ही हकीकत पन्नास वर्षांनी सांगतो आहे. कोणाला? आपला स्वभाव ओळखून असलेल्या कोणाला तरी. एखाद्या धर्मगुरूला, मृत्युशय्येवरून? कथा सांगत नाही. अपमान कोणता होता तेही सांगत नाही. आणि अखेरच्या विटेपाशी, आतून फक्त घुंगरांचा आवाज येतो तेव्हा, माँट्रेसॉरचे काळीज क्षणभर कालवते आणि लगेच तो खुलासा करतो की हे तळघरातल्या दमट हवेमुळे झाले. सारी कथा या खुलाशात आहे. ज्याने पन्नास वर्षे हा दमटपणा लक्षात ठेवला, त्याचा सूड पुरा झाला की नाही? साहित्यिक वैराने लेखणीला चिथावणी मिळाली असेल. हे एक वाक्य मात्र वैराने लिहिलेले नाही. ते अशा लेखकाने लिहिले आहे ज्याने आपल्या खलनायकाला स्वतःपेक्षा वेगळे उभे करून न्याहाळले होते.

एका ठिकाणी मात्र आम्ही स्वतः बराच काळ अडखळलो, आणि प्रामाणिकपणे ते सांगितले पाहिजे. ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ मे १८४२मध्ये छापून आली, व्हर्जिनियाच्या पहिल्या रक्तस्रावानंतर चार महिन्यांनी. रक्ताची साथ, बंद दरवाजे, मेजवानी, आणि दर तासाला ठोके देणारे काळे घड्याळ. ठोके पडले की वाद्ये थांबतात, चेहरे उतरतात. ठोके सरले की लोक हसून पुन्हा नाचू लागतात आणि पुढच्या वेळी घाबरायचे नाही असे एकमेकांना सांगतात. पुन्हा तास होतो, पुन्हा तेच. यापुढे पोचे ४ जानेवारी १८४८चे पत्र ठेवून पाहावे. पत्नीच्या आजाराविषयी तो लिहितो की ती बरी व्हायची, पुन्हा रक्त यायचे, पुन्हा आशा, पुन्हा तेच. मरणापेक्षा हे हेलकावे त्याला सोसवले नाहीत. कथेतल्या घड्याळाची आणि पत्रातल्या दुखण्याची लय एकच आहे.

येथे तरी जीवनाने कथा घडवली असे म्हणावे, असा मोह आम्हाला झाला. परंतु पुन्हा साल आडवी आली. कथा लिहिली गेली तेव्हा ते हेलकावे जेमतेम सुरू झाले होते. पाच वर्षांचा तो जीवघेणा खेळ अजून पुढे होता. शिवाय कथेतला रोग अर्ध्या तासात माणूस संपवतो, घरातल्याने पाच वर्षे घेतली. मग असे म्हणावे लागते की पोला आशा आणि भय यांच्या आळीपाळीची लय कलेतून आधी समजली होती, आणि पुढे तिच्यातून जाण्याची वेळ आली तेव्हा त्या अनुभवाला शब्द द्यायला हीच लय कामी आली. कला जीवनाचे ऋण फेडते हे आपण नेहमी ऐकतो. कधी कधी जीवन कलेकडून भाषा उसनी घेते. १८४८चे ते पत्र आम्ही आता असे वाचतो.

या भूमिकेवर एक आक्षेप येणार हे आम्हाला ठाऊक आहे. सारे श्रेय तंत्राला दिले तर भयकथा म्हणजे घड्याळजीचे काम ठरते. पोनेच हा आरोप ओढवून घेतला आहे. ‘द रेव्हन’ या कवितेची गणितासारखी जुळणी कशी केली हे सांगणारा ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ हा त्याचा १८४६चा निबंध अनेकांना थापेबाजी वाटतो, आणि त्यातले सर्व काही अक्षरशः खरे मानण्याचे कारण नाही. पण त्या निबंधामागची वृत्ती लक्षात घेण्यासारखी आहे. प्रेरणेच्या झटक्यात कविता होते असे सांगून मिरवणाऱ्या कवींच्या काळात एक कवी आपली खोडाखोड दाखवायला तयार होतो. तंत्र म्हणजे भावनेचा अभाव नव्हे. जी भावना लेखकाला हवी तितकी आणि हवी तेव्हा वाचकात उत्पन्न करता येते, तिच्यापासून लेखक काही अंतरावर उभा असावा लागतो. थरथरत्या हाताने थरथर लिहिता येत नाही.

पुढच्या काळ्या कथेने पोकडून घेतले ते हेच. बोदलेरने त्याचे अनुवाद करून फ्रान्समध्ये त्याला दुसरा जन्म दिला. पहिला खंड १८५६चा. जपानमध्ये हिराइ तारो या लेखकाने पोच्या नावाचा जपानी उच्चार करून एडोगावा राम्पो असे टोपणनाव घेतले आणि तिथल्या रहस्यकथेचा पाया घातला. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मधली (१८९८) शिक्षिका खरे पाहते की भास, हे ठरत नाही. शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मध्ये (१९५९) घर आणि मन यांच्यातली भिंत विरघळते, आणि अशर घराण्याच्या वाड्यावरची ती बारीक भेग आठवते. यांपैकी कोणाचेही आयुष्य पोसारखे नव्हते. आयुष्य वारशाने मिळत नाही, तंत्र मिळते.

आपल्याकडेही हे चित्र ओळखीचे आहे. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि पुढे मराठी कथा ज्या नियतकालिकांच्या आश्रयाने वाढली, त्यांतच गूढकथा आणि भयकथा यांनाही घर मिळाले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी या प्रकाराला मोठा वाचक दिला. समीक्षेने मात्र त्यांच्या तंत्राचा अभ्यास फारसा केला नाही; भीती वाटते म्हणजे ते वाङ्मय नव्हे, असा काहीसा समज राहिला. याच्या उलट टोकाला जी. ए. कुलकर्णी. त्यांच्या कथेतला काळोख समजावून सांगताना आपण किती लवकर त्यांच्या काळ्या चष्म्याकडे, धारवाडच्या एकांताकडे वळतो! चष्मा ही वस्तू कथेतल्या एका उपमेइतकेही सांगत नाही. एका बाजूला तंत्राकडे दुर्लक्ष, दुसऱ्या बाजूला चरित्राचे दैवतीकरण. दोन्हींत कथा न वाचताच राहते.

साधारणीकरणाचा सिद्धान्त ज्यांच्या परंपरेत आहे, त्यांनी तरी ही चूक करू नये. क्रौंचवधाने वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला, असे आनंदवर्धन म्हणतो. तेव्हा अभिनवगुप्त आवर्जून बजावतो की हा शोक मुनीचा खाजगी शोक समजू नये. मुनी स्वतःच दुःखाने व्याकुळ असता तर काव्य झाले नसते. पोची भीती पोचीच असेल तर ती आपल्याला का वाटावी? त्याच्या दारूचे, त्याच्या दारिद्र्याचे आपल्याला वाईट वाटेल. त्याला करुणा म्हणता येईल, पण तो भयानक रस नव्हे. भय वाटते ते त्या निवेदकाच्या बोलण्यात आपलाच, स्वतःला पटवत राहणारा आवाज ऐकू येतो म्हणून.

या वादात आणखी एक माणूस आहे आणि तिला आपण फार गृहीत धरले आहे. व्हर्जिनिया गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. आपल्या टिपणांत तिचे काम फक्त मरण्याचे. १८४६च्या फेब्रुवारीत तिने नवऱ्यासाठी एक छोटी कविता लिहिली होती. तिच्या ओळींच्या आद्याक्षरांतून त्याचे पूर्ण नाव तयार होते, आणि तिची मागणी साधी आहे: लोकांच्या कुजबुजीपासून दूर एक लहानसे घर. त्याच वर्षी ती दोघे फोर्डम येथे तसल्या घरात राहायला गेली, आणि पुढच्या जानेवारीत ती तिथेच वारली. ‘लायजीया’ समजण्यासाठी ही कविता लागत नाही. व्हर्जिनिया समजण्यासाठी मात्र ‘लायजीया’ बाजूला ठेवावी लागते. कथेचे कारण म्हणून एखाद्या माणसाचे मरण वापरले की कथाही उणी होते आणि माणूसही.

त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायला आम्हाला पुढचे सत्र उजाडले. तोवर तिने आपली एक कथा वाचायला दिली होती, आणि कथेसोबत एक चिठ्ठी. माझ्या आयुष्यात काही घडलेलेच नाही, तर असे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, असे तिने विचारले होते. हा प्रश्न तिच्या मनात कोणी रुजवला, हे आम्हाला चांगले ठाऊक होते. तो आमच्या टिपणाने रुजवला होता. दुःख ही लेखकाची पात्रता आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. ज्यांनी भोगले त्यांना त्याने काही मिळाले नाही, आणि ज्यांनी भोगले नाही ते स्वतःला खोटे समजू लागले.

आम्ही तिला कळवले ते इतकेच: चोवीस वर्षांची बायको दगावली म्हणून कोणी पो होत नाही, आणि घरी सारे सुखरूप आहेत म्हणून कोणाची लेखणी अपात्र ठरत नाही. तुझ्या कथेत तिसऱ्या पानावर निवेदक स्वतःविषयी एक खुलासा करतो, त्याची काही गरज नाही. तो काढून टाकलास तर भीती वाढेल.

तिने तो काढला. कथा खरोखरच अधिक भयंकर झाली. फळ्यावरचे आमचे टिपण आता ‘म्हणून’पाशी थांबते, आणि त्याखाली आम्ही फक्त सालांची यादी लिहितो.